चार अर्धी हळकुंडं

आधीच सांगते, मला भूत दिसलेलं नाही. या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते — पिंपळ, विहीर, रिकाम्या रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई — आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. रागावू नका! आमचं घरच तसं. आम्ही हिंगोलीचे, बौद्ध. घरात नवस नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. कोणी काही अचाट सांगायला लागलं की बाबा शांतपणे एवढंच म्हणायचे, "तपासून बघ, मंग मान." भावाला कावीळ झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी मंतरलेला दोरा आणून दिला. बाबांनी तो घेतला, त्याने गादीची उसवलेली शिवण शिवली आणि भावाला दवाखान्यात नेलं.

तर अशा घरातली मी. आणि जे सांगणार आहे ते भर दुपारी, लख्ख उन्हात, चाळीस-पन्नास माणसांसमोर घडलेलं आहे. सहा वर्षं झाली. अजून उलगडा नाही.

साल २००३, एप्रिल महिना. जागा — हिंगोलीचा मोंढा, म्हणजे आमच्याकडचा धान्यबाजार. त्या दिवसांत मोंढ्यात हळदीशिवाय दुसरं काही दिसत नाही. ओट्यांवर हळदीचे ढीग, हमालांच्या भुवया पिवळ्या, चहाच्या कपाच्या कडा पिवळ्या. माझे बाबा — नाव किसन — तिथल्या एका आडत दुकानात हमाल होते. दुकानाचं नाव सांगत नाही, शेठ आता थकलेत, आणि शेवटी ते माणूस म्हणून वाईट नव्हते.

बाबा हमाल असले तरी त्या दुकानात एक काम फक्त त्यांचंच होतं. ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

शेतकऱ्याचा माल आला की बाबा त्याच्या ढिगात हात घालून एक हळकुंड, मोंढ्यातल्या भाषेत कांडी, काढायचे आणि शेतकऱ्यासमोर मधोमध मोडायचे. चांगली वाळलेली हळद मोडताना टण्णकन वाजते, आणि आतून कशी निघेल ते मोडल्याशिवाय कोणालाच कळत नाही. मग अर्धा तुकडा शेतकऱ्याच्या हातात, अर्धा कापडी बटव्यात. बटव्यात गावाच्या नावाची चिठ्ठी. हर्रास झाला — लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात — की वजनाच्या आधी खरेदीदाराचा माणूस शेतकऱ्याकडचा तुकडा मागायचा आणि बटव्यातल्या तुकड्याला लावून बघायचा. तुटलेलं तोंड तुटलेल्या तोंडाला बरोबर बसलं की माल त्याचाच. चिठ्ठी बदलता येते, अंगठा कोणाचाही लागतो, पण मोडलेलं हळकुंड आपल्या जोडीदाराशिवाय कोणाला बसत नाही. बाकीच्या दुकानांनी ही पद्धत कधीच सोडली होती. आमच्या शेठच्या वडिलांनी घालून दिलेली म्हणून इथे चालू होती, आणि बाबा हे काम पंचवीस वर्षं करत होते. एकदाही चूक नाही. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण नमुना काढायच्या आधी हात धुवायचे, त्यावरून मला कळायचं.

आता माझं सांगते. मी तेव्हा बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पाच कॉम्प्युटर आणि दिवसातून सहा तास लोडशेडिंग. आदल्याच आठवड्यात मी पोरांना बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक गंमत दाखवली होती. कॉम्प्युटरला म्हणायचं, मनाला येतील ते दहा आकडे दे. तो देतो. अगदी कसेही, काही ताळमेळ नसलेले. मग प्रोग्राम बंद करून परत चालू करायचा, आणि परत दहा आकडे मागायचे… तर तेच दहा! त्याच क्रमाने! कारण त्याच्या मनाला काही येतच नसतं, तो हिशोबाने आकडे काढतो. सुरुवात दरवेळी नवी करून द्यावी लागते, ते विसरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पोरं टाळ्या वाजवत होती आणि माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला. कारण त्याच सुमारास एका रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं — हे सगळं जगच कुणाच्या तरी मशीनवर चाललेला प्रोग्राम असेल तर? आणि असलं, तर आत बसलेल्या आपल्याला ते सिद्ध करता येईल का? मी दोन रात्री नीट झोपले नव्हते. आईला वाटलं स्थळाचा विचार करते.

त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास बाबांचा डबा घेऊन मोंढ्यात गेले, तर दुकानासमोर ही गर्दी. मधोमध बाबा पोत्यावर बसलेले, मान खाली. माझे बाबा कामाच्या वेळी बसलेले मी कधी पाहिलेच नव्हते.

समोर टेबलाशी रशीदचाचा उभे होते. त्यांची ओळख करून देते. रशीदचाचा हे खरेदीदाराचे पारखी, मालाची परीक्षा करणारे. नुसत्या मोडल्याच्या आवाजावरून हळद किती वाळली ते सांगणार. बाबांचे जुने दोस्त. दोघं पंचवीस वर्षं रोज एकाच टपरीवर चहा प्यायचे, आणि कधी फारसं बोलायचे नाहीत.

"काय झालं चाचा?"

"सुजाता बेटी…" चाचा म्हणाले. "गलती माझी हाय. मी बोलायला नको व्हतं."

झालं होतं असं. सकाळी दोन शेतकऱ्यांचे ढीग शेजारी शेजारी लागले होते. एक हट्ट्याचे माधवराव. हट्टा म्हणजे जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, एरवी ते वसमतला जायचे, पण त्यांच्या मेहुण्याच्या टेम्पोला हिंगोलीचं भाडं होतं म्हणून इकडे आले. दुसरे सेनगावकडचे शेषराव, जिल्ह्याच्या वरच्या अंगाचे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. हट्ट्याचा माल सरस, हर्रासात त्याला जास्त भाव लागला. सेनगावचा जरा हलका.

वजनाच्या वेळी दोन्ही बटवे टेबलावर उघडे. शेषरावांनी आपला अर्धा तुकडा पुढे केला. रशीदचाचांनी गडबडीत बटव्यातला तुकडा उचलला, लावला. बरोबर बसला. "बराबर," म्हणाले आणि मग चिठ्ठी वाचली. चिठ्ठी हट्ट्याची! चुकून दुसराच बटवा उचलला होता.

"अरे, ही तर हट्ट्याची जोड हाय," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि शेठनी ते ऐकलं.

सेनगावच्या माणसाच्या हातात हट्ट्याच्या हळकुंडाचा तुकडा. म्हणजे बाबांनी चांगल्या मालाचा नमुना हलक्या मालाला लावला. एकतर लबाडीने, नाहीतर म्हातारपणी डोकं चालेना म्हणून. दोन्हीपैकी काही धरलं तरी पंचवीस वर्षं मातीत.

"बाबा, असं झालं का?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. "मला तर आठवून राह्यलंय की बराबर दिलं," ते म्हणाले. "पण कांडी खोटं बोलते काय? माह्याच हातानं काही झालं आसंल पोरी. हातच आता भरवशाचे न्हाईत."

मला ते सहन झालं नाही. लबाड म्हटलेलं एक वेळ चाललं असतं, पण बाबांनी स्वतःच्या हातांवर संशय घ्यावा? आणि मग मला त्यांचंच वाक्य आठवलं. तपासून बघ!

मी म्हणाले, "अदलाबदल झाली असेल तर माधवरावांचा तुकडा सेनगावच्या बटव्याला बसला पाहिजे. त्यांना बोलवा."

माधवराव स्टँडजवळच्या हॉटेलात भजी खात होते, त्यांना आणलं. त्यांनी टोपीच्या घडीतून तुकडा काढला. रशीदचाचांनी तो सेनगावच्या बटव्यातल्या तुकड्याला लावला. चपखल! फटसुद्धा नाही.

"झालं," शेठ म्हणाले. "आता अजून काय पाहिजे? किसन, उद्यापासून नमुन्याला हात लावायचा नाही." आणि ते आत फोनवर बोलायला गेले. आत फोन वाजत होता, बाहेर पंचवीस वर्षं संपली होती.

खरं तर तिथे माझंही काम संपलं होतं. अदलाबदल सिद्ध झाली होती, तीही माझ्याच तर्काने! पण आमच्या क्लासमध्ये प्रोग्राम चुकला की सगळ्या शक्यता चालवून बघायची सवय. जोड्या चार होतात, तपासल्या दोनच. निव्वळ चडफडत मी माधवरावांचा तुकडा उचलला आणि त्यांच्या स्वतःच्या, हट्ट्याच्या बटव्यातल्या तुकड्याला लावला. तो बसायला नको होता. अदलाबदल झाली असेल तर बसूच शकत नाही.

बसला.

मंडळी, मी काय सांगू… शेषरावांचा तुकडा घेतला, सेनगावच्या बटव्यातल्याला लावला. तोही बसला! हट्ट्याचा हट्ट्याला, हट्ट्याचा सेनगावला, सेनगावचा हट्ट्याला, सेनगावचा सेनगावला. चारही जोड्या. कुठेही फट नाही.

"चाचा! चाचा, हे बघा!"

रशीदचाचांनी चष्मा पुसला, तुकडे उन्हात धरले. मी त्यांच्या शेजारून बघत होते. आतल्या केशरी गाभ्यावर एक वाकडी चीर, चिरेच्या टोकाला मोहरीएवढा काळा ठिपका, आणि कडेला साल जराशी दुमडलेली. मग दुसऱ्या हळकुंडाचा तसाच तुकडा. तीच चीर, तोच ठिपका, तीच दुमड.

"या अल्ला," चाचा हळूच म्हणाले. "तीस साल झाले कांड्या मोडून राहिलो. एकासारखी दुसरी न्हाई पाहिली. भाऊ-भाऊ असत्यात, पन ही तर… ही तर एकच हाय. दोनदा."

मग जो गोंधळ उडाला! प्रत्येकाला हातात घेऊन बघायचं होतं. मी इतकी खूश की विचारू नका. बाबा सुटले होते! अदलाबदल झालीच नव्हती! आणि वर… वर हे! मी टेबलावर जवळजवळ चढलेच आणि त्या पन्नास हमाल-शेतकऱ्यांना कॉम्प्युटरचे आकडे, परत तेच दहा आकडे, जग म्हणजे प्रोग्राम, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हंजी आपुन समदे कंपुटरमधी हाव?" एक हमाल म्हणाला.

"असू शकतं!"

"मंग लोडशेडिंग झालं की आपुन काहून बंद पडत न्हाई?"

हशा पिकला. मीही हसले, पण थांबले नाही. म्हटलं, विचार करा, हळकुंडाचा आतला भाग मोडेपर्यंत कोणी पाहिलेला असतो का? मग बनवणाऱ्याने तो आधीपासून कशाला बनवून ठेवावा? मोडलं की त्या क्षणी देतो. आणि आज दोन हळकुंडं एकाच वेळी मोडली आणि त्याच्याकडून तोच आकडा दोनदा निघाला!

माधवराव गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी करणारा आळशी हाय म्हणा."

"आळशी न्हाई, कंजूस," रशीदचाचा म्हणाले. "आत कोन बघून राहिला, म्हनून जुनाच माल खपवला त्यानं. पन धरला आपण त्याला, क्या बात हाय!" त्यांचे डोळे चमकत होते. बाबा पोत्यावरून उठून जवळ आले होते आणि नुसते बघत होते. त्यांच्या तोंडावर रंग परत आला होता.

तेवढ्यात शेठ बाहेर आले.

"काय तमाशा आहे?"

सगळे एकदम बोलायला लागले. शेठनी हात वर केला आणि टेबलाकडे बघितलं. फडक्यावर चार तुकडे पडले होते.

"यातला हट्ट्याचा कोणता आणि सेनगावचा कोणता?" शेठनी विचारलं.

चार तुकडे पन्नास हातांतून फिरून आले होते. बटवे रिकामे. चिठ्ठ्या बाजूला पडलेल्या. कोणता कोणाचा, हे सांगायची एकच पद्धत त्या दुकानात होती — जोड लावून बघणे. आणि जोड तर सगळ्यांची सगळ्यांना लागत होती! बाबांनी पंचवीस वर्षं जी एक गोष्ट कधी होऊ दिली नाही, ती मी उत्साहाच्या भरात पाच मिनिटांत करून ठेवली होती. ज्याचं त्याच्याजवळ राहिलं नव्हतं.

"मी चार तुकडे बघतोय," शेठ म्हणाले. "कुठले ते मला माहीत नाही. ही पोरगी डब्याची पिशवी घेऊन आली तेव्हा तिच्यात काय होतं तेही मला माहीत नाही."

म्हणजे बापाला वाचवायला मी घरून तुकडे आणले! अहो, घरून आणले तरी चार तुकडे एकमेकांना बसणं हाच चमत्कार नाही का? पण चिडलेल्या माणसाला हे कोण सांगणार. मघाशी माझ्याबरोबर हसणाऱ्यांतले दोघं-तिघं माझ्या डब्याच्या पिशवीकडे बघायला लागले.

"मग परत करून दाखवते!" मी म्हणाले. कान नुसते तापले होते. "आकडे एकदा रिपीट झाले तर पुढचेही होणार, त्याच क्रमाने. दोन्ही ढीग अजून ओट्यावर आहेत. बाबा काढतील, तुमच्यासमोर मोडतील."

शेठ म्हणाले, "दहा जोड्या. आणि मग विषय बंद."

बाबांनी हात धुतले. एक हट्ट्याच्या ढिगातून, एक सेनगावच्या. टण्ण. टण्ण. चाचांनी लावून बघितलं आणि मान हलवली. नाही. दुसरी जोडी, नाही. तिसरीला मी पुढे वाकले, चीर जरा तशीच होती… पण नाही. चौथी, पाचवी. एप्रिलचं ऊन डोक्यावर, आणि पन्नास माणसांत फक्त मोडल्याचा आवाज. आठवी, नववी. दहावी.

दहातली एकही जुळली नाही. लोक पांगायला लागले. कोणीतरी म्हणालं, "कंपुटर बंद पडला वाटतं." या वेळी मला हसू आलं नाही.

"विषय संपला," शेठ म्हणाले. "किसन, पोती उचलायला ये उद्या. नमुना दुसरा कोणी काढेल."

बाबांनी मान डोलावली. नुसती डोलावली हो… आणि हाताला लागलेली हळद धोतराला पुसायला लागले.

"शेठ." रशीदचाचा बोलले. ते कधी मोठ्याने बोलत नसत, त्यामुळे जाणारे लोक थांबले. "मंग मी बी उद्यापासून या ओट्यावर येत न्हाई."

"तुम्ही? तुमचा काय संबंध? चाचा, तुम्हीच पकडलं ना?"

"व्हय, मीच म्हनलो जुळतंय म्हनून. जुळलं ते खरं हाय. कसं जुळलं, मला मालूम न्हाई. पोरगी म्हनते तसं कुनी वर मशीन चालवून राहिला आसंल, नसंल. मला त्यातलं कळत न्हाई."

"मग पुरावा काय तुमच्याजवळ?"

"काही न्हाई," चाचा म्हणाले. "किसन खोटं बोलत न्हाई, आन् त्याचा हात चुकत न्हाई. याला पुरावा लागत आसंल तर तुमी दुसरा पारखी बघा."

चाचांच्या घरात तेव्हा पाच खाणारी तोंडं होती, आणि त्यांचा मालक, म्हणजे तो खरेदीदार, शेठचा जवळचा माणूस. हे त्यांनाही माहीत होतं, शेठनाही. शेवटी शेठ डोक्यावरची टोपी नीट करत पुटपुटले, "बरं, बरं. उन्हाने सगळ्यांचीच डोकी फिरलीत. किसन, राहू दे तुझं काम तुझ्याकडे." आणि आत गेले.

आमच्या दुकानाचा रिवाज असा की व्यवहार झाला की दोन्ही तुकडे शेतकऱ्याने घरी न्यायचे. मी हातापाया पडले, म्हटलं हे तुकडे मला द्या, मी विद्यापीठात पाठवते, जगात पहिल्यांदा असं काही सापडलंय! पण बाबा म्हणाले, "ज्याचं त्याला." मग फडक्यावरचे चार तुकडे बघून थांबले. कोणते कोणाचे, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सांगता येईना. माधवरावांनीच हसून दोन उचलले, शेषरावांनी उरलेले दोन. दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि एक खाली हट्ट्याला गेला, एक वर सेनगावला.

नंतर मी खूप धडपडले. हट्ट्याला गेले, तर माधवरावांच्या घरी ते तुकडे केव्हाच कुटून डब्यात गेले होते आणि तीच हळद घातलेली भाजी मला आग्रहाने वाढली. सेनगावला शेषरावांना तर आठवतही नव्हतं. प्राध्यापकांना पत्रं लिहिली, एकाचं उत्तर आलं — नमुना पाठवा. हळूहळू मीही स्वतःला समजावलं. एकाच बेण्याची हळद असेल, घाईत फट दिसली नसेल, पन्नास माणसांना एकदम भास झाला असेल. आणि दहाच्या दहा जोड्या चुकल्या होत्या ना? प्रयोग फसला म्हणजे फसला.

गेल्या वर्षी रशीदचाचा गेले. बाबा कब्रस्तानातून परत आले, दारातल्या बाजेवर बसले. दुपारचे चार वाजले असतील. मी माहेरी आले होते, चहा घेऊन बाहेर गेले. बाबांनी कप हातात घेतला आणि एकदम म्हणाले,

"अकरावी जुळली व्हती."

"काय?"

"तुमी समदे गेल्यावर. तू क्लासला गेली, रशीद वजनाला लागला. मला चैन पडंना. म्हनलं अजून एक जोडी बघू. एक हट्ट्याच्यातली घेतली, एक सेनगावच्यातली. मोडली. चारी बाजूंनी लावली." ते थांबले. "तेच. चीर तीच, काळा ठिपका तोच. सकाळच्यावानीच."

मंडळी, माझ्या हातातली बशी खाली पडली! तेच पुन्हा? म्हणजे दहा वेगळे आणि मग परत पहिला! फेरा पूर्ण! क्लासमधले दहा आकडे नव्हते का अगदी तसेच परत फिरून येत… मी ओरडलेच. "बाबा! म्हणजे माझं खरं होतं! सिद्ध झालं होतं! कुठे आहेत ते तुकडे?"

"ढिगात टाकून देल्ले."

"टाकून दिले? तुम्ही? तुम्हीच म्हणायचे ना, तपासून बघ, मग मान!"

"तपासलं की," बाबा शांतपणे म्हणाले. "मंग टाकलं."

"पण का?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. डोळे लाल होते. "तुहं ते मशीन खरं निघालं आसतं, तर कुनीतरी म्हनलं आसतं की रशीदबी त्यातच लिहिल्याला व्हता. त्यानं त्या दिवशी काय बोलायचं ते वरूनच ठरल्यालं व्हतं." कप खाली ठेवला. "रशीद माह्यासाठी उभा राह्यला, ते त्यानं सोताहून केलं. ते कुनाचं लिहिल्यालं न्हाई. मला मशीनचा पुरावा नको व्हता."

मी शेजारी बसले फक्त. आम्ही दोघंही रडलो, आणि मग आईने हाक मारली.

तेव्हापासून मी बाजारातून हळकुंडं आणली की दोन-दोन मोडून बघते. नवरा वेड्यात काढतो. अजून एकही जोडी जुळलेली नाही, आणि टण्ण आवाज झाला की अजूनही माझं काळीज उडतं. हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, म्हाताऱ्याने दोस्ताच्या दुःखात रचलेली गोष्ट असेल, अकरावी जोडी कधी नव्हतीच. असं म्हणायला जागा आहे, मी मान्य करते. दोन तुकडे हळदीच्या डब्यात गेले, दोनांचा पत्ता नाही आणि बाकीचे ढिगात.

पण माझे बाबा खोटं बोलत नाहीत. याचा माझ्याजवळ काही पुरावा नाही. रशीदचाचांजवळ तरी कुठे होता?